आधी गच्ची, मग रंग

१९ जानेवारी २००३, रविवार

सगळ्यांत आधी आली ती जोतीराम मास्तरांची सून, आणि तिला घर घ्यायचंच नव्हतं. मास्तर म्हणजे आमचे डाव्या हाताचे शेजारी. गेटाला ‘घर विकणे आहे’ची पाटी लावून तास झाला नाही तोवर ही हजर. म्हणे माहेरच्या कुणासाठी बघतेय. बघितलं काय, तर माझे डबे, माझा ओटा, आणि फ्रिज उघडून आत काय ठेवलंय ते. जाताना डोळे पुसत म्हणाली, अव्वा, एवढं हौसेनं बांधलेलं घर सोडताना तुमच्या जिवाला काय वाटत असंल. मग मी पण पदर डोळ्याला लावला. समोरचं माणूस रडतंय म्हटल्यावर आपण कोरडं राहिलेलं बरं दिसत नाही. पण इथं खरं लिहायला काय हरकत, मला तसलं काही वाटत नाही. कधी एकदा हे घर जातंय आणि मी शिवाजी पेठेत जाऊन बसतेय असं झालंय.

दुसरी आली ती नवरा-बायको, टेप घेऊन. त्यानं टेप धरायचा, तिनं आकडा लिहायचा. हॉल मोजला, खोली मोजली, संडाससुद्धा मोजला. बोलले काही नाहीत. मी पोहे केलेले, ते मात्र दोनदा घेतले. त्यांना घेऊन आलेला आकाराम एजंट गेटाजवळ थांबून मला म्हणतो, मावशी, पावण्यांना खायला घालू नका. खाल्लं की त्यांना भाव पाडायची लाज वाटती, आणि लाज वाटली की ती परत येत नाहीत. आता घरात आलेल्याला तोंड कोरडं पाठवायचं का? तो म्हणतो, फार तर चहा.

ही डायरी नातीनं दिली. शांभवी, शिवकुमारची मुलगी. संक्रांतीला पुण्याहून आलेली तेव्हा म्हणाली, अज्जी, घराचं काय काय काम काढलंस ते तारखेनं लिहून ठेव, पप्पा फोनवर विचारतात आणि तू दुसरंच सांगतीस. माझी शाळा चौथीपर्यंत, निपाणीला, त्यातली दोन वर्षं कन्नड. जमेल तसं लिहीन.

तर माझं असं आहे. पेठेत माझी लेक शिवांजली राहते. तिच्या दाराला लागून विठाबाईंच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्यात. तळमजला, एकच पायरी, बोळात सारखी माणसांची ये-जा, तालमीतल्या पोरांचा दंगा. मला दंगा लागतो. विठाबाईंनी पाडव्यापर्यंत थांबते असा शब्द दिलाय. त्याच्या आत हे घर गेलं तर मी त्या खोल्या घेते. नाही गेलं तर शिवकुमार मला पुण्याला नेणार, चौथ्या मजल्यावर. गेल्या साली महिनाभर राहून आले. सकाळी आठला सगळी जातात, मग मी गॅलरीतून खालच्या वॉचमनला हात करायची. माणूस चांगला होता. पण त्याचं मला कळायचं नाही आणि माझं त्याला.

२० जानेवारी, सोमवार

कुणी आलं नाही. टेपवाल्यांचा फोन पण नाही. पोह्यांमुळं असेल का?

२८ जानेवारी, मंगळवार

शिवकुमारनं पैसे धाडलेत. घर जरा नीट करून दाखवा म्हणजे लवकर जाईल, असं त्याचं म्हणणं. पण तेवढ्यात एक मोठं काम होईल नाहीतर दोन-तीन बारकी. आणि प्रत्येकाला दुसरंच काम सुचतं.

शिवकुमार म्हणतो, बाथरूमला छतापर्यंत ग्लेजच्या टाइल्स लाव आणि सगळ्या खिडक्या सरकत्या कर. पुण्यात सगळे तसंच करतात. आकाराम म्हणतो, पुढच्या भिंतीला झगमगीत रंग आणि नवं गेट, कारण पावणं गेटातच मन ठरवतंय. केरबा गवंडी, ज्यानं मागं मास्तरांचं कंपाउंड बांधलं, तो आला आणि कशाकडं न बघता सरळ स्वयंपाकघरात जाऊन वर मान करून उभा राहिला.

तिथं डाग आहे. परातीएवढा, तपकिरी, दर पावसाळ्यात बोटभर वाढतो. केरबा म्हणाला, आधी गच्ची, मग रंग. आकाराम म्हणाला, कशाला, खाली पुट्टी भरा, वर दोन हात मारा, पाऊस जूनला येणार, तोवर व्यवहार होऊन जाईल.

मला पटलं. खोटं कशाला लिहू. जूनमध्ये मी पेठेत, आणि पाणी गळणार त्यांच्या डोक्यावर.

केरबा म्हणाला, “अव्वा, ती माणसं भिजली की तुमचं दार हुडकत येतील. पेठेत दार हुडकायला लई वेळ लागत न्हाय.”

हसायला आलं, पण ते डोक्यातनं जाईना. मी ठरवलंय, आठवडाभर कुणाचंच ऐकायचं नाही. येणारी माणसं कशाकडं बघतात ते कोपऱ्यात स्टुलावर बसून बघायचं. विकत त्यांनी घ्यायचंय, शिवकुमारनं थोडंच घ्यायचंय.

३ फेब्रुवारी, सोमवार

आजवर सहा जणं येऊन गेली. माझं बघून झालं.

बाथरूममध्ये कुणी मिनिटभर थांबत नाही. नळ सोडून बघतात, पाणी जोरात आलं की बंद करतात आणि बाहेर. खिडक्यांकडं फक्त एका बाईनं बघितलं, ते पण पडद्याचं कापड कुठलं हे विचारायला. गेटाला हात लावून गंज किती आहे ते सगळेच बघतात, पण नवं कुणी मागत नाही. आणि झाडून सगळे शेवटी स्वयंपाकघरात त्या डागाखाली येऊन उभे राहतात. तिथं आली की माणसं हळू बोलतात. दवाखान्यात खाटेजवळ बोलतात ना, तसं.

म्हणून ठरलं. गच्ची पुरी काढून नवीन करायची. उरलेल्यात आतनं साधा डिस्टेंपर. गेटाला ऑइल पेंट, तो मी स्वतः लावीन. टाइल्स नाहीत, खिडक्या नाहीत.

शिवकुमार फोनवर चिडला. म्हणाला, गच्ची कुणाला दिसते? मी म्हटलं, गच्ची दिसत नाही, ती नसलेली दिसते. मग तो म्हणाला, पाडवा फार लांब नाही अव्वा. जसं काय मला माहीतच नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज लई हसले. एकटीच.

केरबानं गच्चीवरचा जुना सिमेंटाचा कोबा फोडायला घेतला. पहारीचा एक घाव घातला तर भाकरीसारखा तुकडा पडला. त्यानं तो बोटांनी कुस्करला आणि मला वर हाक मारली. मी गुडघे धरत एकेक पायरी चढले. म्हणतो, अव्वा, एकवीस वर्सांचा कोबा, अजून कच्चा. ह्यात काय घातलंतं?

आणि मला आठवलं. आमचे हे गुळाच्या अडतीत दिवाणजी. त्यांच्या आजोबांच्या वेळी चुन्याच्या गच्चीला गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालायचे, त्यानं गच्ची दगडासारखी होते, असं त्यांनी ऐकलेलं. घर बांधताना दुकानातल्या फुटक्या गुळाच्या दोन ढेपा आणल्या आणि गवंड्याच्या मानगुटीवर बसून सिमेंटात ओतायला लावल्या. तो बिचारा नको म्हणत होता. हे म्हणाले, तू गवंडी असशील, पण गूळ मला विचार.

केरबा म्हणाला, चुन्याला गूळ चालतोय, सिमेंटाला न्हाय. गूळ पडला की सिमेंट धरतच न्हाय.

महिनाभर गच्चीवर मुंग्यांची रांग होती, ते पण आता आठवलं. आणि पुढं एकोणीस वर्षं दर पावसाळ्यात हे त्या गवंड्याचा उद्धार करायचे, माणूस चोर निघाला म्हणून. खाली येऊन मी त्यांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. असते तर मान्य केलं नसतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काम जोरात. खाली विटांचे तुकडे, वर सिमेंट, ढाळ नळीकडं. केरबा कामाला चोख आणि बोलायला त्याहून चोख. चारला त्याचा चहा होतो, मागच्या दाराला. तिथं कडाप्पाची फळी आहे, सासूबाईंनी बसवून घेतलेली, वर दोन कप आणि एक पेला, गड्यामाणसांसाठी वेगळे. मी ते स्वच्छ घासून पालथे घालते. तो पायरीवर बसतो, मी आत उंबऱ्याशी पाट घेऊन बसते, आणि आमची मैफल रंगते. त्यानं मला त्याच्या तिन्ही मेहुण्यांची लग्नं सांगून झाली. इथं कळंब्याला राहायला आल्यापासून एवढं कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. इथल्या जेलच्या भिंतीपलीकडं सुद्धा माणसं जास्त बोलत असतील.

१ मार्च, शनिवार

महाशिवरात्र. माझा उपवास. आज पाकिस्तानशी मॅच, म्हणून केरबा आला नाही, रंगवाला ज्ञानू येणार होता तो पण नाही. पूजा करून साबुदाणा खाल्ला. मास्तरांच्या घरातनं आरडाओरडा ऐकू येत होता, त्यावरून जिंकलो असावं.

६ मार्च, गुरुवार

गच्चीवर चारी बाजूंनी बारका बांध घालून केरबानं पाणी भरून ठेवलंय. आज दुसरा दिवस. हीच परीक्षा म्हणतो, कोबा मुरतो पण आणि गळतंय का ते कळतं पण. वर तळंच झालंय, कावळे आंघोळीला येतात. मास्तर कंपाउंडवरनं म्हणाले, उन्हाळा तोंडावर आणि पाणी नासताय. मी म्हटलं, सहा महिने झाले, तुमच्या टाकीचं पाणी माझ्या भिंतीवर पडतंय, ते कुठल्या खात्यात धरू? गेले आत.

मी दिवसातनं दहादा स्वयंपाकघरात जाऊन वर बघते. कोरडं. मान दुखायला लागली.

पण गिऱ्हाईक नाही. पाडव्याला सत्तावीस दिवस राहिलेत. विठाबाईंनी शिवांजलीला विचारलं म्हणे, तुमच्या आईचं काय ठरतंय, दुसरं एक जण विचारतंय.

९ मार्च, रविवार

आज अगदी हातात आलं होतं, आणि काय झालं कळलं नाही.

आकाराम एक मायलेकरं घेऊन आला. मुलगा पाटबंधारे खात्यात, नाव प्रसेनजीत. असलं नाव आमच्यात नसतं, मला बंगाली वाटलं, पण बोलायला आपल्यासारखाच. आई आक्काताई, सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, आता रिटायर. पांढरी साडी, पाठ ताठ. गाव हातकणंगल्याकडचं. मी आडनाव विचारायला तोंड उघडलं तर आकाराम मध्येच टाकी किती लिटरची ते सांगायला लागला. त्याला कधी काय बोलावं कळत नाही.

आक्काताई आत आल्या त्या बसवण्णांच्या फोटोसमोर थांबल्या. “बसवण्णांचं घर हाय व्हय,” म्हणाल्या आणि चेहरा एकदम मोकळा झाला. मग आमचं जे जमलं! त्यांच्यापण गुडघ्यात कळ, माझ्यापण. तरी त्या गच्चीवर चढल्या, भरलेलं पाणी बघितलं, किती दिवस झाले विचारलं. खाली येऊन स्वयंपाकघरात डागाखालच्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, ताप बघतात तसा. मी गुळाची सगळी गोष्ट सांगितली. आकाराम खुणा करत होता, सांगू नका म्हणून. आक्काताई एवढ्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मुलाला म्हणाल्या, खरं सांगणारी माणसं हायत, बघ.

मग मी म्हटलं मागची बाजू दाखवते. मागं जागा चांगली आहे, कढीपत्ता आहे, तार आहे. त्यांनी फळीकडं बघितलं. “हे कप कुणाला?” विचारलं. मी सांगितलं, गडीमाणसं येतात, बाहेरची येतात, त्यांना. सासूबाईंच्या वेळची सोय, घरातल्यात मिसळत नाहीत. त्यांनी ‘हं’ केलं.

आणि चहा घेतलाच नाही. मी ओतून आणला होता, आल्याचा. म्हणाल्या, नको, घरी पावणं यायचेत. मुलगा काही बोलणार होता, त्याचा दंड धरून त्याला बाहेर नेलं. आकाराम कपाळाला हात लावून गेला. तो का चिडला ते पण सांगितलं नाही.

मागं ऊन फार येतं, त्याचाच त्यांना त्रास झाला असणार. चेहरा एकदम उतरला होता.

१० मार्च, सोमवार

केरबा बांध तपासायला आला. मी त्याला म्हटलं, मागच्या दाराला पत्रा टाकायचा किती घेशील? काल आक्काताई सिस्टर घर बघायला आल्या, इथं मागं येऊन कपांचं विचारलं आणि उन्हानं निघून गेल्या. रंगाचे पैसे त्यात घालू.

चहा होता त्याच्या हातात. त्यानं तो खाली ठेवला.

“अव्वा, पत्रा नको. त्या बाईनं फळी बघितली.”

मी म्हटलं, बघितली तर काय, घासूनपुसून ठेवलेली आहे.

“घासल्याचं न्हाय वो. आक्काताई सिस्टर म्हंजे... माझी पोरगी त्यांच्या हातात जन्मली. अडलेली हुती माझी बायको, रातभर बाई उभी हुती. त्यांच्या घरी बाबासाहेबांचा फोटो हाय. आता तुमी जाणा.” मग कपाकडं बघून म्हणाला, “आणि मी पण तीन आठवडे हितनंच पितोय. मला काय वाटत न्हाय असं न्हाय. बोलत न्हाय एवढंच.”

एवढा बोलका माणूस, आणि हे बोलला नव्हता.

मी आत आले. दुपारी जेवले नाही. पहिल्यांदा राग आला, केरबाचा, मग आकारामचा, मग सासूबाईंचा. पण सासूबाईंना जाऊन सतरा वर्षं झाली. ती फळी रोज पुसतंय कोण? मीच. कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढच्या दाराला, सगळ्यांना एक मानणाऱ्या बसवण्णांना हार मी घालते आणि मागच्या दाराला कप मीच पालथे घालते, आणि दोन्ही एकाच सकाळी.

११ मार्च, मंगळवार

फळी काढली. केरबानं दोन घावांत काढली, मागचा गिलावा सारखा केला. कपांचं काय करायचं, त्यानं विचारलं. मी म्हटलं, भंगारात.

चारला त्याला म्हटलं आत ये. तो दारातच अवघडून उभा. पाय सिमेंटानं भरलेत म्हणतो. मी म्हटलं, धुवून ये. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बसवलं आणि चहा आमच्या कपात दिला. गंमत म्हणजे आज आम्हा दोघांना बोलायला काही सुचेना. तो छताकडं बघत बसला आणि मी पण. शेवटी त्यानं विचारलं, चौथ्या मेहुण्याचं सांगू का? मी म्हटलं, तीनच होते ना. तर म्हणाला, एक सांगायचा राहिलाय.

आकारामला फोन केला, आक्काताईंचा पत्ता दे. तो म्हणाला, मावशी, ते गिऱ्हाईक गेलं, सोडा. मी म्हटलं, पत्ता दे.

१६ मार्च, रविवार

शिवांजलीला घेऊन रिक्षानं गेले. आक्काताई मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. वाटेत शिवांजली म्हणाली, अव्वा, तू जाऊन नेमकं म्हणणार काय? मला माहीत असतं तर तिला सांगितलं असतं.

दार आक्काताईंनीच उघडलं. ‘या’ म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. बसले. पंखा लावला. मी बसल्या बसल्या बोलून टाकलं.

“फळी काढली मी.”

“घर विकायला काढलीसा का?”

शिवांजलीनं माझ्या पायाला पाय लावला. पण त्या बाईसमोर दुसरं काही सांगता येईना.

“व्हय,” मी म्हणाले. “पयल्यांदा त्यासाठीच. तुमी माघारी गेला नसता तर मला सुचलंच नसतं. सतरा वर्सं सुचलं न्हवतं.”

त्यांनी पदर नीट केला. मग म्हणाल्या, “बत्तीस वर्सं बायका बाळंत केल्या मी. कळा यायला लागल्या की कुणी विचारत न्हवतं सिस्टर कुठल्या. पोर झालं, साखर वाटली, की मग माझा कप येगळा. तुमच्या हितं बसवण्णा बघून मला बरं वाटलं हुतं. म्हणून जास्त लागलं.”

मान खाली घालून बसले. मी म्हटलं, घर घ्या नाहीतर घेऊ नका, पण त्या दिवशी तुम्ही चहा न घेता गेला, त्यासाठी एकदा या.

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं आता निघायचं. तर चहा घेऊन आल्या, तिघींना, एकसारखे कप, निळ्या फुलांचे. माझ्यापुढं ठेवला आणि मी उचलेपर्यंत बघत राहिल्या. मी उचलला. वेलदोडा घातलेला होता, साखर जरा जास्त. सगळा प्याले.

मग त्या एकदम म्हणाल्या, “गच्चीतलं पाणी सोडलं का अजून हाय?”

“आज बारावा दिवस. उद्या गवंडी सोडतो म्हणालाय.”

“गळलं?”

“एक थेंब न्हाय.”

“बारा दिवस,” म्हणाल्या, आणि आतल्या खोलीकडं बघून मुलाला हाक मारली.

रिक्षात बसल्यावर शिवांजली म्हणाली, अव्वा, तू आयुष्यात पहिल्यांदा अर्धा तास गप्प बसलीस. तसं काही नाही. मी मध्ये दोनदा बोलले.

१८ मार्च, मंगळवार

होळी. पोळ्या केल्या, केरबाला डब्यात दिल्या. गेटाला ऑइल पेंटचा दुसरा हात मारला. फोन नाही. पाडव्याला पंधरा दिवस.

२३ मार्च, रविवार

झालं! म्हणजे लिखापढी व्हायचीय, पण झालं.

सकाळी नऊलाच आली, प्रसेनजीत, त्याची बायको आणि आक्काताई. दुपारी मोठी मॅच म्हणून मुलाला घाई. आकाराम पाठोपाठ आला तोवर आक्काताई माझ्या स्वयंपाकघरात बसून उप्पीट खात होत्या आणि माझ्याकडून चटणीची कृती घेत होत्या. आकारामनं बशीकडं बघून डोळेच मिटले. बाहेर गेटाजवळ जाऊन उभा राहिला. तो बाहेर असतानाच आमचं ठरलं. मुलानं एक आकडा सांगितला, मी दुसरा, आक्काताईंनी मधला सांगितला आणि दोघांना गप्प केलं. खाऊन कुणाला लाज वाटली नाही.

डाग अजून तसाच आहे, वाळलेला. रंग लावायला ज्ञानू उद्यापासून येणार होता. आक्काताई म्हणाल्या, नको लावू. डाग दिसतोय तोवर जूनमध्ये तो वाढला का ते कळेल, आणि रंग आमच्या सुनेला आवडंल तो लावू. म्हणजे रंगाचे पैसे वाचले. ज्ञानू रुसला, पण मी त्याला पेठेतल्या दोन खोल्या रंगवायला देते म्हटलं.

त्या गेल्यावर जोतीराम मास्तर आले. कंपाउंडवरनं नव्हे, गेटातनं, चप्पल काढून. म्हणाले, अव्वा, सोसायटीत कुणाला आणतोय याचा जरा विचार करायला हवा होता, विचारायला हवं होतं चार जणांना. मी म्हटलं, मास्तर, सिस्टर येताहेत शेजारी. तुमच्या सुनेचे दिवस भरत आलेत ना? मग ते बसले नाहीत.

शिवांजलीला फोन केला, ती तशीच बोळात पळत जाऊन विठाबाईंना सांगून आली. विठाबाईंनी नवं कुलूप लावून किल्ली तिच्याकडं दिलीय. मला एवढं हलकं वाटतंय की दुपारी आडवी झाले आणि दोन तास झोपले. मॅचच्या दिवशी. उठले तर सगळीकडं सामसूम, कुठं फटाका नाही. रात्री कळलं, हरलो म्हणे.

संध्याकाळी शिवकुमारला सांगितलं. चांगलं झालं म्हणाला. मॅचचा आवाज त्यानं बारीक केला. मग म्हणाला, “अव्वा, हितली मागची खोली रंगवून ठेवलीय मी. देवासाठी कट्टा पण बांधलाय, पूर्वेला.” मी म्हटलं, अरे, एवढा खर्च कशाला केलास? तुला ते घर थोडंच विकायचंय. तो हसला, बरं म्हणाला. आवाज जरा बसल्यासारखा वाटला, सर्दी झाली असेल. मे महिन्यात पंधरा दिवस येऊन राहीन म्हटलं, तर लगेच विचारलं, नक्की? पोराला त्या कट्ट्याचं एवढं काय आहे कळत नाही. दाखवायला हौस असते माणसाला.

उद्या केरबाला बोलवायचंय, पेठेतली गच्ची बघायला. आपली नाही, वरच्या मजल्याची आहे, पण बघून ठेवलेली बरी.

इसार द्यायला आणि कागद करायला पुढच्या रविवारी येणार, ३० तारखेला, सकाळी नऊला. पाडव्याच्या तीन दिवस आधी. आक्काताई म्हणाल्या, उप्पिटावर भागायचं न्हाय, त्या दिवशी जेवूनच जाऊ.